पिशवीत न मावणारा निरोप

बी. फार्म.ची व्हायवा चालू होती. समोर बसलेल्या मुलाने न्यूरोट्रान्समीटर म्हणजे काय ते धडाधड सांगितलं. चेतापेशीत तयार होतो, तिच्या टोकाशी बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेला असतो, विजेचा इशारा आला की पिशवी फुटते, पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतो, काम झालं की उचलला जातो नाहीतर मोडला जातो. एक्स्टर्नल सरांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि नायट्रिक ऑक्साइड? तो कुठल्या पिशवीत असतो?"

मुलगा थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, सिनॅप्टिक व्हेसिकलमध्येच."

"अरे, वायू आहे तो. पिशवीचा पडदा त्याला अडवतो होय? चाळणीत पाणी भरशील का?"

मुलाचे दोन मार्क गेले. मी इंटर्नल म्हणून शेजारीच बसले होते आणि मला त्याची बाजू घ्यावीशी वाटत होती. त्याने पुस्तकातला नियमच तर लावला होता! नियमात न बसणारा रेणू समोर आला, तेव्हा नियम तपासायला शास्त्रज्ञांनाही 1980चं दशक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. हा लेख त्या दोन मार्कांसाठी.

आधी एक घोळ मिटवू, कारण नावं सारखी आहेत आणि माणसं दरवेळी गोंधळतात. दाताच्या डॉक्टरकडे किंवा ऑपरेशनच्या टेबलावर हुंगवतात तो 'हसवणारा वायू' म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्यात नायट्रोजनचे दोन अणू. गाड्यांच्या धुरामुळे शहरावर तांबूस पट्टा दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. आपला नायट्रिक ऑक्साइड तिसरा: नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक अणू, संपलं. जोसेफ प्रिस्टलीने 1772मध्येच त्याचा अभ्यास केला होता. त्यात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असल्यामुळे तो स्वस्थ बसत नाही, समोर लोखंड, ऑक्सिजन, गंधक जे येईल त्याच्याशी सूत जमवतो. शरीरात त्याचं आयुष्य फार तर काही सेकंदांचं. असला चंचल, विषारी म्हणून माहीत असलेला वायू शरीर मुद्दाम तयार करत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ते मनात आलं रक्तवाहिनीमुळे. मेंदूकडे जायचा रस्ता तिथूनच आहे.

आमच्या शिक्षणाच्या काळात प्रॅक्टिकलला कायमोग्राफ असायचा. गोल फिरणारा ड्रम, त्यावर चकचकीत कागद गुंडाळायचा आणि ज्योतीवर धरून तो काजळीने काळा करायचा. बेडकाच्या पोटाचा स्नायू ऑर्गन बाथमध्ये टांगलेला, त्याच्या दोऱ्याला लिव्हर बांधलेली. ॲसिटिलकोलीन या न्यूरोट्रान्समीटरचा थेंब टाकला की स्नायू आकसायचा, लिव्हरचं टोक काजळी खरवडत वर जायचं आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटायची. मग तो कागद लाखेच्या पातळ द्रावणातून काढून वाळत घालायचा. बोटं दोन दिवस काळी. आता हे सगळं संगणकाच्या पडद्यावर माऊसने करतात. बेडकांचं भलं झालं, पण 'औषध टाकलं आणि काहीतरी हललं' हा थरार गेला.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट असाच प्रयोग सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर करत. ॲसिटिलकोलीनच्या जातीचं औषध टाकलं की पट्टी आकसायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण. 1978मध्ये त्यांच्या साहाय्यकाने आधीचं औषध धुऊन काढण्याआधीच पुढचं टाकलं, आणि आकसायची ती पट्टी चक्क सैल पडली. फर्चगॉट यांनी चूक म्हणून ती नोंद फेकली नाही. शोधता शोधता कळलं की इतकी वर्षं पट्टी कापताना तिचा आतला तलम थर नकळत घासला जात होता. तो थर शाबूत असला तर वाहिनी सैल पडते. घासून गेला असला तर आकसते. म्हणजे त्या थरातून काहीतरी बाहेर पडून शेजारच्या स्नायूला 'सैल हो' सांगत होतं. 1980मध्ये त्यांनी हे छापलं. त्या 'काहीतरी'ची ओळख पटायला आणखी सात वर्षं गेली. तो नायट्रिक ऑक्साइड होता.

फेरिद मुराद यांना 1977मध्येच दिसलं होतं की छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या नायट्रोग्लिसरीनमधूनही हाच वायू सुटतो. आपल्याकडे घरोघरी आजोबांच्या खिशात असते ती सॉर्बिट्रेटची गोळी त्याच कुळातली. गोळी ठेवल्यावर डोकं ठणकतं ना? डोक्याकडच्या रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून. फर्चगॉट, मुराद आणि लुई इग्नारो यांना 1998चं नोबेल मिळालं. तो 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे 1987मध्ये दाखवणाऱ्या साल्वादोर मोंकादा यांना वगळलं, त्यावर पुष्कळ नाराजी झाली. माझ्या मते ती रास्त होती.

मेंदूतलं कोडं

इकडे मेंदूवाल्यांकडे एक जुनं कोडं पडून होतं. लहान मेंदूच्या पेशींवर ग्लुटामेट (हाही एक न्यूरोट्रान्समीटर) टाकलं की सीजीएमपी नावाचा एक रेणू भराभर वाढतो, हे 1970च्या दशकापासून माहीत होतं. पण ग्लुटामेट ज्या पेशींना चिकटत होतं त्या वेगळ्या, आणि सीजीएमपी वाढत होतं त्या पुष्कळशा वेगळ्याच. मध्ये निरोप कोण पोचवत होतं?

जॉन गार्थवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988मध्ये दाखवलं की लहान मेंदूच्या पेशींमधले ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर चेतवले की त्यातून एक पसरणारा पदार्थ सुटतो, आणि त्याचे गुण रक्तवाहिनीतल्या त्या 'काहीतरी'शी हुबेहूब जुळतात. दोन वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हा वायू बनवणारं एन्झाइम मेंदूतून शुद्ध करून काढलं. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, आपण त्याला एनओएस म्हणू. अर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल घ्यायचं, त्यात ऑक्सिजन घालायचा, नायट्रिक ऑक्साइड सोडायचा आणि उरलेलं सिट्रुलीन बाजूला ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याला हात लावायला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम आलं की कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन ते पकडून एनओएसला बिलगतं, आणि भट्टी पेटते. कॅल्शियम ओसरलं की विझते.

आता ही भट्टी मांडली कुठे आहे ते बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. चेतापेशीतलं एनओएस पीएसडी-95 नावाच्या मचाणासारख्या प्रथिनावर बसवलेलं असतं, आणि त्याच मचाणाला एनएमडीए रिसेप्टरही बांधलेला असतो. म्हणजे ज्या दारातून कॅल्शियम आत घुसतं, भट्टी त्या दाराच्या तोंडाशीच. आणि हे सगळं निरोप घेणाऱ्या पेशीत, पाठवणाऱ्या नव्हे.

नेहमीचा न्यूरोट्रान्समीटर म्हणजे डबेवाल्याचा डबा. भरलेला, बंद, पत्ता ठरलेला. पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे, मध्ये वीसेक नॅनोमीटरची फट ओलांडून. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे चाळीत कुणीतरी सुके बोंबील भाजायला घेतल्याचा वास. तो दार वाजवत नाही. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात, जिन्यात, वरच्या मजल्यावर, सगळीकडे एकदम पोचतो. भाजणाऱ्याने ठरवलं तरी एकाच घरी पाठवता येत नाही. आणि थोड्या वेळात विरून जातो. मेंदूत तर भोवतालच्या केशवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन तो अक्षरशः गिळून टाकतं.

त्यामुळे निरोप घेणारी पेशी हा वायू सोडते तेव्हा तो उलटा जाऊन पाठवणाऱ्या टोकातही शिरतो. डबा पोचल्याची पोचपावतीच म्हणा.

पोचपावती मिळाल्यावर काय होतं

पाठवणाऱ्या टोकात शिरलेल्या वायूची गाठ पडते ग्वानिलिल सायक्लेज या एन्झाइमशी. त्याच्या पोटात हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा हीम आहे, मधोमध लोखंडाचा अणू. नायट्रिक ऑक्साइड त्या लोखंडाला चिकटला की एन्झाइमचा वेग शेकडो पटींनी वाढतो आणि सीजीएमपीचा लोंढा सुटतो. रक्तवाहिनीत हाच लोंढा स्नायू सैल करतो. (जाता जाता: सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सीजीएमपी मोडू देत नाही. सॉर्बिट्रेट ते वाढवतं. दोन्ही एकत्र घेतली की रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. औषधाच्या दुकानात ही गोष्ट लाजेपायी कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.)

चेतापेशीच्या टोकात सीजीएमपी पुढे प्रोटीन कायनेज जी नावाच्या एन्झाइमला उठवतं, आणि ते पिशव्यांच्या कारभारात हात घालतं. हा कारभार आपण समजतो तितका चोख नसतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा आठवणी बांधणारा भाग, तिथल्या बऱ्याच सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यांत, दहा इशारे आले तर त्यातल्या थोड्याच वेळा पिशवी फुटते, बाकीचे वाया जातात. नायट्रिक ऑक्साइड हे प्रमाण वाढवू शकतो. शिवाय फुटलेली पिशवी पडद्यातून परत ओढून घेऊन पुन्हा भरायची असते. ते कामही या वाटेने वेग धरतं, असं 2003मध्ये हिप्पोकॅम्पसच्या पेशींत दिसलं. रिकामे डबे लवकर परत आले की दुसऱ्या दिवशीचे डबे वेळेवर निघतात, तसंच.

सीजीएमपीला वगळून जाणारी दुसरीही वाट आहे. नायट्रिक ऑक्साइडपासून तयार झालेली संयुगं प्रथिनांतल्या गंधकाच्या अणूवर जाऊन बसतात. याला एस-नायट्रोसिलेशन म्हणतात. पिशवी पडद्याला चिकटवणाऱ्या यंत्रणेतलं सिंटॅक्सिन हे प्रथिन अशा प्रकारे बदलू शकतं. आणि ज्याच्यामुळे भट्टी पेटली, त्या एनएमडीए रिसेप्टरवरही हा शिक्का बसतो. बसला की तो रिसेप्टर मंदावतो. आग पेटवणारं दार आगच ढकलून लोटून घेते. फार सुबक योजना आहे ही.

आता वाचकाला पडायलाच हवा असा प्रश्न. वास जर सगळ्या चाळीत पसरतो, तर ज्याने डबा पाठवला त्यालाच पावती मिळाली असं कसं म्हणायचं? शेजारच्या शंभर टोकांनी उगाच पिशव्या फोडायला सुरुवात नाही का करायची?

याचं एक सुरेख उत्तर 1993मध्ये एरिक कँडल यांच्या प्रयोगशाळेतून आलं. हिप्पोकॅम्पसच्या कापावर नुसता नायट्रिक ऑक्साइड सोडला तर सिनॅप्स टिकाऊपणे बळकट होत नाही. नुसता हलका विजेचा इशारा दिला तरी होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी दिले तर होतो. म्हणजे वास सगळ्यांना येतो, पण पोटात खड्डा त्याच्याच पडतो जो त्या क्षणी भुकेला आहे. जे टोक नुकतंच काम करत होतं, तेच पावती ओळखतं.

सिनॅप्सच्या या टिकाऊ बळकटीला एलटीपी म्हणतात. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी 1973मध्ये ती सशाच्या मेंदूत दाखवली, आणि स्मरणशक्तीच्या मुळाशी असलेली घडामोड म्हणून तिच्याकडे बघतात. 1991मध्ये एकाहून जास्त प्रयोगशाळांनी सांगितलं की एनओएस बंद करणारी औषधं दिली तर एलटीपी अडते. पेशींच्या बाहेरच्या द्रवात हिमोग्लोबिन टाकलं तरी अडते. हिमोग्लोबिनचा रेणू एवढा मोठा की तो पेशीत शिरू शकत नाही. तरीही निरोप अडला, याचा अर्थ निरोप एका पेशीतून दुसरीत जाताना मधल्या फटीत पकडला गेला. असा प्रयोग वाचला की टोपी उडवावीशी वाटते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मग काही जणांना एलटीपी अडलेली दिसली, काहींना नाही. तापमान बदललं, प्राण्याचं वय बदललं, इशाऱ्याचा जोर बदलला की निकाल बदलायचा. चेतापेशीतल्या एनओएसचं जनुक काढून टाकलेले उंदीर 1993मध्ये तयार झाले; त्यांच्यातही एलटीपी बऱ्यापैकी शाबूत निघाली. मात्र रक्तवाहिनीवालं एनओएससुद्धा काढलं तेव्हा ती घटली. आज इतकं ठामपणे म्हणता येतं की नायट्रिक ऑक्साइड हा अनेक वाटांपैकी एक आहे, आणि काही परिस्थितींत महत्त्वाचा आहे.

वाढवतो की कमी करतो?

विद्यार्थी हेच विचारतात, आणि एका शब्दात उत्तर मागतात. नाही देता येत.

प्रयोग कसा करतात ते आधी बघू. जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदराच्या मेंदूत केसासारखी बारीक नळी बसवतात. तिच्या टोकाला पडदा असतो, आतून क्षारांचं पाणी अगदी संथ वाहत असतं. मेंदूतले रेणू पडद्यातून त्यात झिरपतात, आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब गोळा होतं. ते एचपीएलसी या मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रात घालून ग्लुटामेट किती, गाबा किती, डोपामिन किती ते मोजायचं. आणि त्याच नळीतून नायट्रिक ऑक्साइड सोडणारं एखादं संयुग आत पाठवायचं. अशा संयुगांना डोनर, म्हणजे दाते म्हणतात.

या पद्धतीने 1996मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबा मोजला, तेव्हा थोड्या मात्रेत नायट्रिक ऑक्साइडने तो कमी केला आणि जास्त मात्रेत वाढवला. गाबा हा मेंदूचा ब्रेक आणि ग्लुटामेट ॲक्सिलरेटर. एकच वायू मात्रेनुसार ब्रेक सैलही करतो आणि दाबतोही. ॲसिटिलकोलीनचं पाहिलं तर काही भागांत ते वाढतं, पण सरळ नव्हे: वायूने आधी ग्लुटामेट वाढवायचं, त्या ग्लुटामेटने पुढे ॲसिटिलकोलीन सोडवायचं. डोपामिनचे निकाल तर एकमेकांशी भांडतात, आणि त्याला एक साधं कारण असं की नायट्रिक ऑक्साइड डोपामिनशी स्वतःच रासायनिक क्रिया करू शकतो. मोजायचा पदार्थ मोजण्याआधीच बदलला तर कुणाला दोष द्यायचा?

दात्यांचीही आपापली खोड आहे. सोडियम नायट्रोप्रुसाइड घ्या. अतिदक्षता विभागात काळ्या कागदात नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळलेली सलाइनची बाटली पाहिली असेल, तर ते हे असू शकतं. उजेडाने ते मोडतं. त्याच्या एका रेणूत नायट्रिक ऑक्साइड एक आणि सायनाइड पाच! ते टाकून न्यूरोट्रान्समीटर वाढला, तर वायूने वाढवला की सायनाइडने? म्हणून काळजी घेणारे संशोधक तेच द्रावण उजेडात ठेवून, त्यातला वायू उडवून, उरलेल्या 'म्हाताऱ्या' द्रावणाने प्रयोग पुन्हा करतात. दुसऱ्या एका जातीच्या दात्यांत, शरीराच्या तापमानाला एखादा दाता दोनेक मिनिटांत निम्मा रिता होतो, तर दुसऱ्याला निम्मं रितं व्हायला वीसेक तास लागतात. वायू तोच, पण एकदम ओतलेल्या घागरीचा आणि ठिबक सिंचनाचा परिणाम सारखा कसा असेल?

सगळ्यात मोठी अडचण मात्रेची. सुरुवातीला मेंदूतला नायट्रिक ऑक्साइड मायक्रोमोलरच्या पातळीवर असतो असं धरून चालले होते. नंतर गार्थवेट आणि इतरांनी हिशेब मांडला, तेव्हा खरी पातळी नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली, म्हणजे हजार पटींनी कमी निघाली. आधीचे कितीतरी प्रयोग बोंबलाच्या वासाऐवजी चाळीला आग लावून केलेले होते, असं म्हटलं तर थोडं झोंबेल, पण फार चुकणार नाही.

आग लागते तेव्हा काय होतं तेही माहीत आहे. पक्षाघातात रक्त थांबलं की ग्लुटामेट बेसुमार सांडतं, कॅल्शियम आत घुसत राहतं, भट्टी विझतच नाही. जादा नायट्रिक ऑक्साइड सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या तापट रूपाशी जुळून पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि ते समोर येईल ते जाळतं. चेतापेशीतलं एनओएस नसलेल्या उंदरांना प्रयोगात पक्षाघात घडवला, तर त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं. याच उंदरांचे नर मात्र विलक्षण भांडखोर निघाले, हे 1995मध्ये दिसलं. तेव्हा हे एन्झाइम बंदच करून टाकू, असंही म्हणता येत नाही.

माणसांवरही प्रयत्न झाला. 2013मध्ये ब्राझीलमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 20 रुग्णांवर चाचणी झाली. नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिल्यावर काही तासांत लक्षणं कमी झाल्याचं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. नंतर अमेरिकेत जास्त रुग्णांवर केलेल्या चाचणीत, 2019मध्ये, तो परिणाम दिसला नाही.

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात अर्जिनीनच्या भुकटीचा डबा आणला. जिममध्ये कुणीतरी सांगितलं, नायट्रिक ऑक्साइड वाढतो, पंप येतो, आणि म्हणे डोकंही तल्लख होतं. "मावशी, तूच शिकवतेस ना हे?" मी त्याला व्हायवातल्यासारखंच विचारलं, "भट्टी कशावर पेटते?" तो म्हणाला, "अर्जिनीनवर." मी म्हटलं, अर्जिनीन हे सरपण. एनओएसला ते अगदी चिमूटभर लागतं, आणि पेशीत त्याच्या कितीतरी पट आधीच रचून ठेवलेलं असतं. मूठभर शेंगदाण्यांतही पुष्कळ असतं. काडी ओढतं ते कॅल्शियम, आणि मेंदूत ते आत येतं एखादा सिनॅप्स खरोखर काम करत असेल तेव्हाच.

"मग अभ्यास करायचा म्हणतेस," असं म्हणून तो डबा घेऊन जिमला गेला.